बंद इंजिनाचे दोन हजार फेरे

गाडी मधल्या स्टँडवर उभी आहे. चावी मालकाच्या खिशात, सायलेन्सर हाताला गार. तरीही हँडलवरच्या उजव्या मीटरचा काटा सांगतोय की इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेतंय. किक मारून गाडी चालू केली की हाच काटा पाच हजारांवर उडी घेतो आणि खाली यायचं नाव काढत नाही. कानाला मात्र इंजिन हजार-बाराशेवर निवांत डुगडुगताना ऐकू येतं.

यंदाच्या अंकाचा विषय ‘मोजमाप’ आहे असं संपादकांनी कळवलं, तेव्हा जमिनीची मोजणी, पर्जन्यमापक, सोनाराचा तराजू हे विषय कुणी ना कुणी उचलणार हे उघड होतं. मला अशी वस्तू हवी होती जी मोजायचं सोडून भलतंच सांगते, आणि तिला ताळ्यावर आणणारा माणूस. जालन्यातल्या एका स्नेह्याने या राजदूत ३५० बद्दल सांगितलं आणि पुढे म्हणाला, “मालकाने दोनदा मीटर बदललं. तिसऱ्यालाही तीच लागण झालीय.” एवढं ऐकल्यावर जालन्याला जाणं भागच होतं.

जालना म्हटलं की बाहेरच्यांना दोन गोष्टी आठवतात, बियाणं आणि सळई. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको सुरू केली. औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलची सळई तर लांब लांब जाते. या दोन्ही धंद्यांच्या पाठीमागे फिरणाऱ्या वस्तूंचा मोठा पसारा आहे. रोलर, मोटारी, पंप, मळणीयंत्रं, ट्रॅक्टर आणि त्या सगळ्यांची बेअरिंगं. ‘किती वेगाने फिरतंय?’ हा प्रश्न या गावाला नवा नाही. मोटरसायकलच्या बाबतीत तो फारसा कुणी विचारत नाही, एवढंच.

मीटर हा शेवटचा माणूस

मंठा चौफुलीच्या अलीकडे रस्त्याला लागून पत्र्याची शेड आहे. बाहेर दोन ट्रॅक्टर, एकाचं बॉनेट उघडं. आत भिंतीवर पान्यांची माळ, कोपऱ्यात ग्रीसचा डबा, आणि छताला आडवी बांधलेली जुन्या चोकची ट्यूबलाइट; चोकचा बारीक गुणगुणाट सतत चालू. मिस्त्री साठी ओलांडलेले. त्यांना सगळे उस्ताद म्हणतात, त्यांच्याहून मोठेसुद्धा. आपल्या मामूच्या हाताखाली ते राजदूत १७५ आणि बुलेटवर शिकले. त्या गाड्यांना आरपीएम मीटर नव्हतंच. “कान था ना,” ते म्हणाले.

गाडीचा मालक बदनापूर तालुक्यातला मोसंबी बागायतदार, वय चाळिशीच्या आतबाहेर. गाडी त्याने घेतली तेव्हा ती बरीच वर्षं एका गोदामात धूळ खात पडली होती. इंजिन उघडून झालं, नवे पिस्टन बसले, टाकीचा रंग झाला. राहिलं होतं ते मीटर.

“उस्ताद, दिल्लीहून दुसरं मागवू का? ओरिजिनल म्हणतोय तो दुकानदार.”

“मीटर को कायको गाली देते भाऊ? मीटर तो आखरी आदमी है,” उस्ताद म्हणाले. “त्याच्या आधी तिघं उभे हायत. त्यांना विचारलं का?”

ते तिघं म्हणजे इंजिनातलं छोटं गिअर, त्यावरचं ऑइल सील आणि केबल. या रांगेत मीटर सर्वांत शेवटी येतं, पण डोळ्यांसमोर तेवढंच असतं. दिवाणखान्यातला पंखा हळू फिरला की आपण पंख्याला दोष देतो, व्होल्टेज कुणी बघत नाही. जुन्या गाड्यांच्या हौशी मालकांचा बराचसा पैसा या सवयीपायी जातो, असं मला हे प्रकरण बघून वाटू लागलं आहे.

चुंबक, वाटी आणि स्प्रिंग

आरपीएम मीटर किंवा टॅकोमीटर आतून दिसायला अगदी साधं असतं. इंजिनाच्या फेऱ्यांवर फिरणारी एक लवचीक तार खालून येऊन मीटरमधल्या छोट्या चुंबकाला फिरवते. चुंबकावर ॲल्युमिनियमची पातळ वाटी पालथी असते. वाटी चुंबकाला कुठेही शिवत नाही, ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटतही नाही. तरी चुंबक फिरला की वाटीला त्याच्या मागे जावंसं वाटतं. फिरत्या चुंबकामुळे वाटीच्या धातूत विजेचे भोवरे उठतात आणि ते वाटीला ओढतात. वाटीच्या दांड्यावर घड्याळातल्यासारखी, केसाइतकी बारीक गुंडाळलेली स्प्रिंग बसवलेली असते. ती वाटीला मागे खेचते. चुंबक जितका वेगात, तितकी ओढ जास्त, तितकी वाटी स्प्रिंगला पीळ देत पुढे सरकते. दांड्याच्या टोकाला काटा. इंजिन थांबलं की ओढ संपते आणि स्प्रिंग काट्याला शून्यावर आणून ठेवते.

फिरणारी तांब्याची चकती जवळच्या चुंबकसुईला ओढते, हे फ्रान्समध्ये फ्रांस्वा आरागो यांनी १८२४ मध्ये पाहिलं. का ओढते ते मात्र १८३१ मध्ये फॅरेडेंनी सांगितलं. या ओढीवर वेग दाखवणाऱ्या मीटरचं पेटंट ओटो शुल्त्से यांनी १९०२ मध्ये घेतलं. नंतरच्या शंभर वर्षांत कोट्यवधी गाड्यांवर हीच रचना बसली. आपल्या स्पीडोमीटरमध्येही तीच. फरक इतकाच की स्पीडोमीटरची केबल चाकाकडून किंवा गिअरबॉक्सच्या बाहेर जाणाऱ्या टोकाकडून फिरते आणि आरपीएमची थेट इंजिनाच्या फेऱ्यांवर. म्हणूनच गाडी न्यूट्रलमध्ये उभी असतानाही रेस दिली की हा काटा नाचतो.

आता या रचनेत गडबड कुठे होते ते बघा. चुंबकाचा जोर वर्षानुवर्षांत कमी झाला तर काटा कमी दाखवतो. स्प्रिंग ढिली पडली तर जास्त. आणि चुंबक व वाटी यांच्यामधल्या बारीक फटीत तेल शिरलं तर? विजेच्या ओढीत तेलाच्या चिकट ओढीची भर पडते. वाटी पार पुढे खेचली जाते आणि काटा हवेत महाल बांधू लागतो. इंजिन बंद केल्यावर धूळ मिसळलेलं ते घट्ट तेल त्याला परतही येऊ देत नाही. बंद गाडीचे दोन हजार फेरे असे येतात.

उस्तादांनी मीटर उतरवून कानाजवळ हलवलं, मग उलटं धरलं. खालच्या भोकातून काळपट थेंब ओघळून त्यांच्या तळहातावर आला. तो त्यांनी बोटांवर चोळून वास घेतला. “गिअर ऑइल.”

मीटरमध्ये कुणी गिअर ऑइल घालत नाही. ते इंजिनाकडून हातभर केबल चढून वर आलं होतं.

खालून वर

पुढचं काम बघताना एक गोष्ट लक्षात आली. उस्ताद मीटरला पुन्हा शिवलेच नाहीत. मीटर फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवलं आणि ते जमिनीवर बसले, गाडीच्या उजव्या बाजूला.

पहिली तपासणी कुणालाही घरी करता येईल. केबलचं वरचं नट सोडवायचं, आतली वायर थोडी बाहेर दिसू द्यायची, चावी बंद ठेवून हाताने किक हळूहळू दाबायची. वायरचं चौकोनी टोक फिरलं तर खालचं गिअर आणि केबल दोन्ही जिवंत. फिरलं नाही तर केबल खालच्या बाजूनेही सोडवून इंजिनाच्या भोकात डोकवायचं. तिथे फिरतंय आणि वर फिरत नाही, तर वायर आत कुठेतरी तुटली. तिथेही फिरत नसेल तर गिअर गेलं. बऱ्याच गाड्यांत हे गिअर नायलॉनचं असतं. केबल आत अडकली की आधी याचेच दाते जातात, आणि ते बरंच आहे. केबल अडकून आतली लोखंडी गिअरं खराब होण्यापेक्षा हे स्वस्तात सुटलेलं बरं.

इथे टोक फिरत होतं. मग उस्तादांनी आतली वायर ओढून पूर्ण बाहेर काढली. ही वायर म्हणजे कडक पोलादी तारांचे एकावर एक उलटसुलट गुंडाळलेले थर. तिला पीळ सहन होतो आणि वाकवली तरी फिरत राहते. त्यांनी ती काचेच्या तुकड्यावर ठेवून बोटाने लोळवली. सरळ वायर गुळगुळीत लोळते. मोड आलेली उड्या मारते. मोड असेल तर काटा एका लयीत थरथरतो आणि लोक पुन्हा मीटर बदलतात. ही वायर सरळ होती, पण वरपासून खालपर्यंत तेलाने निथळत होती.

मला पडलेला प्रश्न असा की तेल खालून वर चढलंच कसं? उस्तादांनी वायरवरून नख फिरवून दाखवलं. तारेचे वेढे म्हणजे स्क्रूचे आटेच. खाली तेल मिळालं की फिरणारी वायर ते आट्या-आट्याने वर नेते. म्हणूनच केबलला ग्रीस लावताना जुने मिस्त्री वरची वीतभर वायर कोरडी ठेवतात. ग्रीस आपोआप वर सरकतं. वरपर्यंत लावलं तर महिन्याभरात ते वाटीत पोचलेलं असतं. केबलमध्ये ऑइलचे थेंब सोडणाऱ्यांबद्दल उस्ताद जे बोलले ते दिवाळी अंकात छापता येणार नाही.

खाली तेल अडवायचं काम एका छोट्या रबरी सीलचं. केबल फिरवणारं गिअर गिअरबॉक्सच्या तेलात असतं. त्याचा दांडा कव्हरातून बाहेर येतो, तिथे दांड्याभोवती सीलची पातळ ओठासारखी कड घट्ट बसलेली असते. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की रबर कडक होतं. कडक कड दांड्याला चिकटून राहत नाही. या गाडीचा प्रकार तर आणखी बिघडलेला होता. आधीच्या कुणीतरी आरपीएमची केबल काढून ते भोक बोल्टने बंद केलं होतं. नव्या मालकाने बोल्ट काढून हौसेने केबल जोडली आणि खालून तेलाला वाट मोकळी झाली. पहिलं मीटर बुडालं, दुसरं बुडालं, तिसऱ्याचीही तीच गत.

“तेल किती घातलंय?” उस्तादांनी विचारलं. मालकाने सांगितलेलं माप जास्त निघालं. इंजिन उघडल्यावर पुरेसं असावं म्हणून त्याने थोडं वरताण ओतलं होतं. शिवाय गिअरबॉक्सची हवा सुटायची नळी चिखलाने बुजलेली. आत दाब, बाहेर कडक सील. तेलाला वर जाण्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

सील चिमट्याने काढून उस्तादांनी व्हर्निअरने मापलं: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. सीलवर हीच तीन मापं या क्रमाने छापलेली असतात, पण या सीलवरची अक्षरं पुसली होती. त्यांच्या हाताखालचा पोरगा मापं कागदावर लिहून घेऊन सायकलवर गेला आणि अर्ध्या तासात सील घेऊन आला. मला नवल वाटलं, त्यांना नाही. रोलिंग मिल आणि शेतीपंप ज्या गावात आहेत तिथे बेअरिंग-सीलच्या दुकानात माप सांगितलं की पुरतं, गाडीचं नाव सांगावं लागत नाही. जुन्या गाडीचा ‘ओरिजिनल’ भाग शोधत इंटरनेट पालथं घालणाऱ्या शहरी हौशींना हे कुणीतरी सांगायला हवं.

मालकाने लावलेलं दुसरं मीटर तर तेल शिरलं नसतं तरी निकामीच होतं. ते दुसऱ्या मॉडेलचं निघालं. केबलचं नट बसलं, टोक बसलं, काटा हललाही, पण इंजिनाच्या एका फेऱ्यामागे केबल किती फिरते हे प्रमाण प्रत्येक गाडीत वेगळं असतं आणि मीटरची स्प्रिंग त्या प्रमाणाला जुळवलेली असते. भलत्या गाडीचं मीटर लावलं की ते आत्मविश्वासाने चुकीचं सांगतं. तेल शिरलेलं मीटर निदान संशय तरी येऊ देतं.

पाचशे चाळीसची रेघ

मधेच एक शेतकरी आला. ट्रॅक्टरच्या मीटरची केबल तुटली होती. उस्ताद उठून त्याच्याकडे गेले, आणि मोटरसायकल बाजूला पडली. मला वाईट वाटलं नाही, कारण जालना जिल्ह्यात आरपीएम खरोखर कुणाला लागतो ते समोर दिसलं.

ट्रॅक्टरच्या डायलवर बहुधा एक खूण असते, ५४०. अवजारं फिरवणाऱ्या मागच्या पीटीओ शाफ्टला मिनिटाला ५४० फेरे मिळावेत म्हणून इंजिन किती वेगाने ठेवायचं, ते ही खूण सांगते. इंजिनाचे फेरे त्याहून कितीतरी जास्त असतात आणि ते प्रत्येक कंपनीच्या ट्रॅक्टरला वेगवेगळे. मळणीयंत्र, रोटाव्हेटर, मोसंबीच्या बागेतला फवारणीचा ब्लोअर हे सगळं या ५४० वर बेतलेलं. सोयाबीन मळताना फेरे कमी पडले तर शेंगा न फुटता भुसकटात जातात. जास्त झाले तर दाणा फुटून डाळ होते आणि बाजारात भाव पडतो. इथे काटा खोटं बोलला तर नुकसान पोत्यात मोजता येतं.

जुन्या ट्रॅक्टरमध्ये त्याच केबलवर तास मोजणारं मीटरही चालतं. त्यात घड्याळ नसतं. ते इंजिनाचे फेरे मोजतं आणि एका ठरावीक वेगाने तासभर चाललं की एक तास धरतं. इंजिन स्लो ठेवून बांधावर गप्पा मारल्या तर तासाचा तास भरत नाही. केबल तुटली की तास तिथेच थांबतात. जुना ट्रॅक्टर घेताना तासमीटर बंद दिसलं तर जाणता गिऱ्हाईक पहिल्यांदा केबलच बघतो. ती चकचकीत नवी असेल तर आणखी सावध होतो.

तो शेतकरी घाईत होता. केबल बदलून मिळाली आणि ट्रॅक्टर अंबडच्या दिशेने गेला. उस्ताद परत येऊन बसले. “ह्यांच्यासाठी मीटर आहे,” त्यांनी ट्रॅक्टरकडे हात केला. मग राजदूतकडे. “आन् हे, शौक.”

यावर माझं पूर्ण एकमत नाही. १९८३ मध्ये एस्कॉर्ट्सने यामाहाच्या आरडी ३५० ची भारतीय आवृत्ती राजदूत नावाने आणली तेव्हा त्यावर आरपीएम मीटर शोभेपुरतं नव्हतं. टू-स्ट्रोक इंजिनाची ताकद सगळ्या फेऱ्यांवर सारखी पसरलेली नसते. खालच्या फेऱ्यांवर ते गुमान असतं आणि एका टप्प्यानंतर अचानक उसळतं. हाय टॉर्क म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मॉडेलची ३०.५ अश्वशक्ती ६,७५० फेऱ्यांवर मिळायची, लो टॉर्कची २७ अश्वशक्ती ६,५०० वर. गिअर नेमका कधी टाकायचा हे त्या काट्यावरून कळे. त्या काळच्या रस्त्यांवर इतकी ताकद आणि पुढे ड्रमब्रेक, हे गणित भीतीदायक होतंच. पेट्रोलही बेसुमार पिणारी म्हणून ती बदनाम झाली आणि १९८९ पर्यंत उत्पादन आटोपलं. ती चालवणारे जे टिकले त्यांच्या हँडलवरचा तो काटा इंजिनाच्या स्वभावाचा नकाशा होता. उस्तादांचा कान तयार आहे म्हणून त्यांना नकाशा लागत नाही. आम्हाला लागतो.

घड्याळजीच्या टेबलावर

मीटर उघडणं उस्ताद स्वतः करत नाहीत. सदर बाजारात एक घड्याळजी आहे, त्याच्याकडे ते जातं. मीटरच्या काचेभोवतीची पत्र्याची कड खाली मुडपून बंद केलेली असते. ती बारीक स्क्रूड्रायव्हरने, जरा जरा करत, गोल फिरत उचलावी लागते. एका जागी घाईने उचलली की पत्रा फाटतो आणि मग ते मीटर कधीच झाकबंद होत नाही. पावसाळ्यात काच आतून धुकटते. हे पंधरा मिनिटांचं काम घड्याळजीने सावकाश केलं. मधे एक गिऱ्हाईक घड्याळाचा सेल बदलून घेऊन गेलं.

खरी कसोटी त्यापुढची. डायलवरची छपाई पेट्रोलने उतरते, म्हणून ब्रशने फटीत थोडंथोडं व्हाइट पेट्रोल सोडायचं, डायलला थेंबही लागू द्यायचा नाही. वाटी बोटाने ढकलायची नाही. स्प्रिंगच्या वेढ्यांत तेल राहिलं तर दोन वेढे एकमेकांना चिकटतात आणि स्प्रिंगची लांबी कमी असल्यासारखी वागते. मग काटा पुन्हा चुकीचा, पण आता उलट दिशेने, कमी. घड्याळजीने डोळ्याला भिंग लावून वेढे एकेक करून सुटे झालेत का ते पाहिलं. काटा मात्र काढला नाही. दांड्यावर दाबून बसवलेला जुना काटा उपटताना दांडा वाकला तर सगळं संपलं, असं त्याचं मत. चावीची घड्याळं त्याच्याकडे आता क्वचित येतात. गाड्यांची मीटरं येतात, तीही उस्तादांसारख्यांनी पाठवली तरच.

वाळल्यावर त्याने मीटरच्या खालच्या भोकात चौकोनी टोक घालून बोटांनी गरकन फिरवलं. काटा उठला आणि सोडताच शून्यावर जाऊन बसला.

कागदावर व्हिंटेज

मालकाची एक गंमत आहे. गाडीच्या टाकीवर त्याने ‘व्हिंटेज’ असं स्टिकर लावलं आहे. कायद्याला ते मान्य नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्राच्या मोटार वाहन नियमांत आलेल्या तरतुदींनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली दुचाकी किंवा चारचाकीच व्हिंटेज. अशा गाडीला नंबरप्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ मिळतं, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. मात्र ती रोजच्या कामासाठी रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच. राजदूत ३५० ची पहिली गाडीसुद्धा २०३३ आधी या रांगेत बसणार नाही.

म्हणजे आपल्याकडच्या कायदेशीर व्हिंटेज मोटरसायकली बहुतेक बुलेट, जावा आणि राजदूत १७५ या घराण्यातल्या, आणि त्यांना आरपीएम मीटर नसायचंच. ज्यांना मीटर आहे त्या ऐंशीच्या दशकातल्या जपानी वळणाच्या गाड्या कायद्याच्या लेखी नुसत्याच जुन्या. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर, एवढाच त्यांचा सन्मान. बाजार मात्र कायद्याची वाट बघत नाही. चालू आरपीएम मीटर असलेली गाडी आणि तेच भोक बोल्टने बुजवलेली गाडी यांच्या भावात आता फरक पडतो. वीस वर्षांपूर्वी हीच मीटरं मिस्त्री भंगारात टाकत होते, कारण केबल तुटली तरी गाडी चालते.

ट्यूबलाइटखाली

मीटर बसलं, नवं सील बसलं, केबल धुऊन, वरची वीतभर कोरडी ठेवून आत गेली. जास्तीचं तेल काढलं, हवेची नळी तारेने साफ झाली. गाडी चालू केली तर काटा हजाराच्या थोडा वर स्थिरावला. मालक खूश. मी विचारलं, बरोबर दाखवतंय कशावरून?

औद्योगिक वसाहतीत यासाठी हातातलं डिजिटल टॅकोमीटर वापरतात. फिरत्या शाफ्टवर चमकपट्टीचा तुकडा चिकटवून त्यावर प्रकाश मारला की आकडा येतो. उस्तादांनी छताकडे बोट दाखवलं. संध्याकाळ झाली होती. त्यांनी डाव्या बाजूचं कव्हर उघडून क्रँकच्या टोकावर खडूची एक रेघ ओढली आणि शटर अर्धं खाली घेतलं.

आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. चोकची ट्यूब प्रत्येक आवर्तनात दोनदा उजळते, म्हणजे मिनिटाला ६,००० वेळा. इंजिन ३,००० वर असेल तर दोन उजळण्यांमध्ये क्रँक बरोबर अर्धा फेरा घेतो आणि खडूच्या दोन रेघा समोरासमोर, जागच्या जागी थांबलेल्या दिसतात. २,००० वर तीन रेघा, १,५०० वर चार. फेरे जरा जास्त झाले की रेघा पुढे सरकू लागतात, कमी झाले की मागे. विजेचं जाळं ५० च्या आसपास फार काटेकोर राखलेलं असतं, मोटरसायकलच्या कुठल्याही मीटरपेक्षा जास्त. फक्त लाइट गेलेली असताना इन्व्हर्टरवर हा प्रयोग करू नये, आणि इलेक्ट्रॉनिक चोकची ट्यूब असेल तर काहीच दिसत नाही. ती इतक्या वेगाने लुकलुकते की रेघ पुसट धूसर वर्तुळ होऊन जाते.

पोराने ॲक्सिलरेटर हळूहळू वाढवला. चार रेघा थांबल्या, काटा पंधराशेच्या किंचित वर. मग तीन. दोन रेघा थांबल्या तेव्हा काटा तीन हजार दोनशेच्या जवळ होता.

“दोनशे जास्त दाखवतंय,” मालक म्हणाला. “काटा काढून मागे बसवता येईल?”

“येईल. तुटला तर?”

मालक गप्प झाला. उस्तादांनी कव्हर बसवलं आणि मजुरीचा आकडा सांगितला. त्यात सील जवळपास फुकटच होतं. शंभरेक किलोमीटर चालवून केबलचं वरचं नट उघडून बघ, टोक कोरडं असेल तर झालं, असं त्यांनी बजावलं. पोत्यात गुंडाळून आणलेल्या दोन जुन्या मीटरांचं काय करायचं, हे विचारायला मालक विसरला. ती फळीवरच राहिली. एक तेलाने भरलेलं होतं, धुतलं की चालेल, उस्ताद नंतर मला म्हणाले. दुसरं ज्या मॉडेलचं आहे ती गाडी कधीतरी येईलच.

दसरा झाल्यावर मी मालकाला फोन केला. टोक कोरडं निघालं होतं. पण पाच हजारांच्या वर काटा आता बारीक थरथरतो, अशी नवी तक्रार होती. उस्तादांना फोन केला का, असं विचारल्यावर तो हसला. उस्तादांनी मीटरबद्दल एक शब्द विचारला नव्हता. हँडल बदललंस का, एवढंच विचारलं होतं. त्याने खरोखरच बदललं होतं, जुन्या फोटोतल्यासारखं खाली वळलेलं. त्यामुळे मीटर खाली आलं होतं आणि जादा झालेली केबल टाकीच्या पुढे घट्ट बाक घेऊन वाकली होती. आता तो लहान लांबीची केबल शोधतो आहे.